मे महिन्याचं पाणी आणि पेंडीचं पोतं

गेल्या मे महिन्यात पहाटे साडेपाचला माणगावहून आमच्या खालाच्या मुलाचा फोन आला. "आपा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत. काय करू?" आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, तेवढ्या भांडवलावर नातेवाइकांनी आम्हाला मत्स्यतज्ज्ञ ठरवून टाकलंय! तळं खालूंच्या निवृत्तीच्या पैशांतून खोदलेलं, त्यात रोहू आणि कटल्याची बोटुकली सोडलेली. "मोटर लाव, पाणी उंचावरून तळ्यात पाड, आणि आज दाणा टाकू नकोस," एवढंच आम्हाला सुचलं. तरी दुपारपर्यंत तीन घमेली मासे गेले.

पेंड विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, "उन्हाळ्यात मासा झपाट्याने वाढतो, दुप्पट घाला." यातलं पहिलं अर्धं खरं आहे. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार वेगाने चालतो, भूकही वाढते. आपल्या अंधेरीतच, वर्सोव्याला यारी रोडजवळ, केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. १९६१ साली सुरू झालेली ही संस्था, पण शेजारून रोज रिक्षाने जाणाऱ्यांनाही तिथे काय चालतं ते ठाऊक नसतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोहूची पिल्लं २६, ३१, ३३ आणि ३६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढवून पाहिली. २००५ साली निष्कर्ष छापून आले. ३१ ते ३३ अंशांत वजन सर्वांत चांगलं वाढलं. २६ ला कमी, आणि ३६ ला पुन्हा कमी.

दुसरं अर्धं मात्र घात करणारं होतं. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलीग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. म्हणजे माशाला जास्त श्वास हवा, नेमका तेव्हाच तळ्यात तो कमी. त्यात न खाल्लेली पेंड आणि विष्ठा तळाशी कुजते आणि उरलेला प्राणवायू खाते. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, म्हणून मासे तडफडतात ते पहाटे.

आता पेंडीचं. रोहू काही जिताड्यासारखा मासे खाऊन जगणारा नाही, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा त्याला चालतो. फिशमील महाग, त्यामुळे पेंडीकडे वळण्यात चूकही नाही. पण नुसत्या शेंगपेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही प्रथिनांची घटकद्रव्यं कमी पडतात. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन बरं असतं, म्हणून दोन्ही मिसळतात. सोयाबीन कच्चं असेल तर मात्र त्यातलं एक द्रव्य प्रथिनं पचूच देत नाही. राजमा आपण शिजवूनच खातो, तसंच हे. शिवाय वनस्पतीतला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो. तो माशाच्या हाडांना न लागता विष्ठेवाटे पाण्यात जातो आणि तळं हिरवंगार करतो. यावरही वर्सोव्याच्या संस्थेत काम झालंय. खाद्यात फायटेज नावाचं विकर आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, घालून रोहूला खनिजं जास्त मिळतात का, हे त्यांनी तपासलं, आणि मिळतात असं दिसलं. आमच्या भाच्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे माशांनाही सरबत?"

दमट कोंकणात पोत्यातल्या शेंगपेंडीला बुरशी लागते, तिचं विष माशाचं यकृत बिघडवतं. भावाचं पोतं पत्र्याखाली, जमिनीवर ठेवलेलं होतं. मासे प्राणवायूअभावी गेले हे खरं, पण वर्षभर ते अंगाने का भरत नव्हते, याचं उत्तर बहुधा त्या पोत्यातही होतं.

यंदा पोतं फळीवर आहे. पेंड तळ्यात फेकण्याऐवजी तो ती परातीत ठेवून दोरीने खाली सोडतो, दोन तासांनी उरलेली वर काढतो. दुपारी तीनला पाण्याचं तापमान व्हॉट्सॲपवर पाठवतो. काल ३४ होतं. "दाणा अर्धा केलास ना?" आम्ही विचारलं. म्हणाला, "अब्बा करू देत नाहीत आपा. म्हणतात, मासे उपाशी राहतील."

आज संध्याकाळी आम्ही खालूंनाच फोन करणार आहोत.