वही कुणाची, वाचणार कोण?

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा विषय आपल्या निबंधांतून आणि वक्तृत्वस्पर्धांतून काही केल्या हलत नाही. दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ असतात आणि टाळ्याही दोन्ही बाजूंना सारख्याच मिळतात. परंतु यंत्र आपल्या जीवनात शिरते ते असा मोठा प्रश्न विचारून नव्हे. ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, डाळी-तांदळाच्या पोत्यांआडून निमूटपणे येते. म्हणून त्या थोर प्रश्नाचा नाद सोडून आपण या लहानशा दुकानापाशीच जरा थांबू.

या दुकानात पूर्वी दोन वस्तू हमखास असत. एक ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी. आणि दुसरी, त्या पाटीला रोज खोटे पाडणारी उधारीची वही. महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात कितीतरी घरांतील चूल या वहीच्या आधारावर पेटत असे. पगार झाला की खाते मिटवायचे आणि पंधरा दिवसांनी ते पुन्हा उघडायचे. आज त्याच गल्ल्यावर ठिपक्यांचा एक चौकोनी कोड चिकटवलेला असतो. २०१६ साली ‘यूपीआय’ ही व्यवस्था सुरू झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये या व्यवस्थेतील एका महिन्याच्या व्यवहारांची संख्या प्रथमच एक हजार कोटींच्या वर गेली. कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही आता मोबाइलवरून दिले जातात. सुट्या पैशांऐवजी हातावर गोळी टेकवण्याचा जुना रिवाज मागे पडला. गावाकडे पैसे पाठवायचे तर पोस्टमनची वाट पाहावी लागत नाही. या सोयीला नाक मुरडणे म्हणजे कृतघ्नपणाच ठरेल.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा कोड पैसे घेतो. उधार देत नाही. मग अडीनडीला उधार द्यायचे कुणी? वही अजून कित्येक दुकानांत आहे. पण तिच्या जोडीला मोबाइलवर मिळणारे झटपट कर्ज आले आहे. कागद नको, जामीन नको, ओळख नको. दोन-चार ठिकाणी बोट टेकवले की रक्कम खात्यात जमा! हे पाहून जुनी मंडळी हळहळतात, ‘ती माणुसकी गेली हो, तो विश्वास गेला!’

ही हळहळ मला अर्धीच पटते. वही म्हणजे माणुसकी, असे म्हणावे तर आपलाच इतिहास आड येतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि बघता बघता हे लोण पुणे आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते आणि शेतसारा मात्र वाढला होता. या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून घ्यायचे आणि त्यांची होळी करायची! कारण रोख्यात काय लिहिले आहे, हे निशाणी करून देणाऱ्याला वाचता येत नव्हते. फेडलेली रक्कम खाती जमा झाली की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती आणि दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. रोग नेमका कोणता, हे राज्यकर्त्यांनाही उमगले होते. वही एकाच्या हाती आणि ती वाचण्याची सोय दुसऱ्याला नाही, हाच तो रोग.

किराणा दुकानातील उधारी सुसह्य होती, ती याच कारणाने. तेथील वही गल्ल्यावरच उघडली जाई. ‘काका, ही साखर आम्ही कधी नेली?’ असे विचारता येई, भांडता येई, वेळ पडल्यास दोन दिवसांची मुदत मागता येई.

आता मोबाइलवरील कर्जाकडे पाहा. अटी पानोपानी, बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत. खाली ‘मान्य आहे’ हे बटण. ते आपण दाबतो कशाने? अंगठ्याने! ज्यांना आपण अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले, त्यांच्याच पंगतीत पदवीधरही येऊन बसले आहेत. हप्ता थकला की मोबाइलमधील नातेवाइकांना, मित्रांना फोन करून बदनामी करणाऱ्या वसुलीच्या तक्रारी देशभर झाल्या. अखेर २०२२ साली रिझर्व्ह बँकेने नियम केले. कर्जाचा एकूण वार्षिक खर्च आधी सांगितला पाहिजे, कर्जदाराच्या मोबाइलमधील संपर्क-यादीला हात लावता कामा नये, इत्यादी. २०२४ च्या परिपत्रकाने तर असेही सांगितले की, कर्जाचा मुख्य तपशील कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा. म्हणजे हक्क पुन्हा एकदा कागदावर आला. पण मागितल्यावाचून हक्क पदरात पडत नाही, हे १८७९ नंतरही खरे होते आणि आजही खरेच आहे.

‘हा विषय वाणिज्य शाखेचा, कला शाखेला त्याचे काय?’ असे कुणी विचारील. मला वाटते, तो आपलाच अधिक आहे. व्याजाचा आकडा यंत्र क्षणात काढून देते. वाक्याचा अर्थ मात्र माणसालाच लावावा लागतो. आपण तीन वर्षे भाषा आणि इतिहास शिकतो ते कशासाठी? गुंतागुंतीचे वाक्य सोडवणे आणि ‘हे कुणाच्या सोयीसाठी लिहिले आहे?’ असा प्रश्न विचारणे, हेच तर आपले शिक्षण. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत एक टेबल मांडून बसलो आणि ज्याच्या-त्याच्या कर्जाच्या अटी सोप्या मराठीत वाचून दाखवल्या, तर काय बिघडेल? त्याला निधी लागत नाही, उद्‌घाटनाला पाहुणा लागत नाही.

वही कागदाची असो वा काचेची, ती वाचता येणारा माणूस कर्जदाराच्या बाजूला बसलेला हवा. १८७५ साली असा माणूस गावोगावी असता, तर कदाचित त्या होळ्या पेटल्या नसत्या. आज आपल्या वर्गात तो बाकाबाकावर बसलेला आहे. त्याने उठायचे तेवढे बाकी आहे.