मावशींचा पगार कुठे गळतो?

मागच्या महिन्यात बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशींनी बँकेचं पासबुक माझ्यापुढे ठेवलं. ‘‘सिस्टर, पंधरा हजार म्हणाले होते. बघा, किती आलेत!’’ आले होते १०,६४९. ठेकेदाराच्या सुपरवायझरचं उत्तर ठरलेलं, ‘‘पीएफ, ईएसआय कटतं.’’

कटतं, पण किती? कागद-पेन घ्या. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरू. कामगाराचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. ईएसआय पाऊण टक्का, म्हणजे ११३. व्यवसायकर शून्य, कारण महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. (वॉर्डबॉय मामांचे २०० जातात, फेब्रुवारीत ३००.) हातात यायला हवेत १३,०८७. मग २,४३८ रुपये गेले कुठे?

मला हे कोडं सुटायला दोन दिवस लागले. मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा असतो. पीएफचे १२ टक्के, त्यावर विमा आणि प्रशासकीय खर्चाचा एक टक्का, मिळून १,९५०. ईएसआयचे सव्वातीन टक्के, ४८८. बेरीज करा, बरोबर २,४३८! ठेकेदाराने आपला वाटा मावशींच्याच पगारातून घेतला होता. कायद्याने याला साफ मनाई आहे. त्यात हाच वाटा तो रुग्णालयाच्या बिलातही लावतो. एका रकमेचे दोनदा पैसे.

याहून वाईट पुढे आहे. मावशींचं गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा कळलं, कार्डावर तीन महिने हप्ताच जमा नाही. सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात ७८ दिवसांचे पैसे भरलेले नसतील तर आजारपणाच्या रजेचा भत्ता मिळत नाही. ज्या इस्पितळाची फरशी ती रोज पुसते, तिथेच बिनपगारी पडून राहायचं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा झाला. झाडू अजूनही बहुतेक आपल्याच माणसांच्या हातात आहे, विमा मात्र कागदावर.

आम्हा डिप्लोमावाल्या सिस्टरांचंही चुकलंच. आपली स्लिप आपण नीट तपासतो, मावशींना स्लिप मिळते का हे कधी विचारलं नाही. यूएएन नंबर असेल तर ‘उमंग’ ॲपवर पीएफचं पासबुक दिसतं. घरातल्या शिकल्या पोरीला बसवून दर महिन्याची नोंद बघा. खाडा दिसला की ठेकेदाराच्या मागे धावू नका. त्याने भरलं नाही तर जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे रुग्णालयाची असते. अर्ज तिथेच द्यायचा.

आम्ही दिलाय. अकरा जणींच्या सह्या, चौघींचे अंगठे. आवक शाखेतल्या बाबूंनी आधी टाळाटाळ केली, पण पोच घेतल्याशिवाय मावशी खिडकीवरून हलल्या नाहीत.