बेट भाड्याने मिळत नाही

आइसलंडमध्ये भाड्याच्या गाडीची किल्ली हातात आली की आपल्याकडच्या अनेकांना वाटतं, आता मोकळं रान! मुळात तिथे असं रान नाहीच. रस्ता सोडून गाडी घालणं हा तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सबळ कारण आहे. लाव्ह्यावरचं शेवाळ चाकाखाली चिरडलं की पुन्हा धरायला कित्येक दशकं लागतात. त्यासाठी काढलेला फोटो दोन दिवसांत विसरला जातो.

बेटाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता १९७४ साली पूर्ण झाला. त्यावर अजूनही एकपदरी पूल आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कडेला थांबायला जागा नाही. मागून ताशी ९० किलोमीटरने गाड्या येत असताना मधेच ब्रेक दाबून धबधब्याचा फोटो काढणं, याला स्वातंत्र्य म्हणायचं?

‘पैसे मोजलेत’ हे उत्तर तर देऊच नका. बंद असलेल्या डोंगरी रस्त्यावर गाडी रुतली, तर हातातलं काम टाकून सोडवायला येतात ते तिथले स्वयंसेवक. भाड्याच्या पावतीत त्यांच्या रात्रीची किंमत धरलेली नसते.