विचारलं तेवढं खरं लिहा, सिस्टर

अकोल्यात एखाद्या खासगी रुग्णालयाचा अर्ज भरताना एका रकान्यापाशी पेन अडतं: 'यापूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय?' शेजारची मैत्रीण म्हणते, "लिही 'नाही'. कोण पाह्यते?"

पाहतात, सिस्टर. अमरावतीच्या इर्विन किंवा डफरीन रुग्णालयात काय झालं, हे अकोल्याच्या मेट्रनला कळायला एक फोन पुरतो. आणि तो फोन तुम्ही रुजू झाल्यावर आला, तर जुनी चूक बाजूला राहते आणि खोटं लिहिलं एवढंच शिल्लक उरतं.

पण लिहिण्याआधी कारवाई नेमकी कोणी केली, ते तपासा. इथं बहुतेकींचा घोळ होतो. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्यानंतर कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली. ती नोकरी देणाऱ्याची कारवाई होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीनंतर परिचारिकांना अटक झाली. ती पोलिसांची कारवाई. तुमची नोंदणी हा तिसराच विषय. ती महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते, आणि 1966 च्या कायद्याखाली चौकशी करून नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकारही तिचाच. नोकरी गेली म्हणजे नोंदणी गेली असं नाही. तेव्हा 'नोंदणीवर कारवाई झाली काय' असं विचारलं असेल आणि परिषदेनं काहीच केलं नसेल, तर 'नाही' हेच खरं उत्तर. 'कोणतीही कारवाई' विचारली असेल, तर मात्र 'नाही' लिहिणं खोटं ठरेल.

सरकारी नोकरीत असाल तर 1979 चे शिस्त व अपील नियम एकदा वाचाच. ठपका आणि वेतनवाढ रोखणं या शिक्षा आहेत, निलंबन ही शिक्षा नाही. सेवेतून काढून टाकलं तरी पुढच्या सरकारी नोकरीचं दार बंद होत नाही, बडतर्फीनं मात्र सहसा होतं. कारवाईच्या आदेशात यातलं काय लिहिलंय, हे कित्येकींनी स्वतः कधी वाचलेलंच नसतं. ऑफिसातल्या बाबूनं तोंडी सांगितलं, तेच धरून चालतात.

सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात नोकरीच्या अर्जातल्या लपवाछपवीबद्दल दिलेला निकाल गुन्ह्यांची माहिती दडवण्याविषयी होता, पण त्यातलं माप इथंही कामाचं आहे. विचारलेली माहिती खरी हवी. जे नेमकं विचारलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून दोष लावता येत नाही. मात्र खरं सांगितल्यावरही नेमायचं की नाही, हे मालक ठरवू शकतो. म्हणजे खरं लिहिलं की नोकरी पक्की, असं मी सांगत नाही. एखादी जागा हातची जाईलही.

लिहायचं ते थोडक्यात लिहा. 'औषधाची मात्रा चुकल्याबद्दल 2019 मध्ये विभागीय चौकशी झाली. एक वेतनवाढ रोखण्यात आली. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे.' बस. डॉक्टरनंच चुकीचं लिहिलं होतं, वॉर्डात एकटीच होते, हे सगळं खरं असेल, पण ते मुलाखतीत विचारलं तर सांगा. अर्जात लिहिलं की रडगाणं वाटतं. आणि कारवाईच्या काळातली वर्षं 'घरीच होते' म्हणून झाकू नका. अनुभवाच्या दाखल्यांवरच्या तारखा ती उघडी पाडतात.

आखाती देशांत किंवा इंग्लंडला जायचं असेल, तर झाकायला जागाच नाही. तुमची नोंदणी स्वच्छ आहे की नाही, हे तिथले लोक परिषदेलाच विचारतात.

रुग्णालयवाल्यांनाही एक सांगायचंय. जिनं स्वतःहून लिहून दिलं, तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला टाकाल, तर पुढची दहाजणी 'नाही'च लिहितील. तुम्हाला कळणार कसं? तिला समोर बसवा, काय झालं ते विचारा, हवं तर पहिले काही महिने इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली ठेवा.

आदेशाची प्रत नसेल तर जुन्या कार्यालयाला लेखी अर्ज करा. सरकारी रुग्णालय टाळाटाळ करत असेल, तर माहितीच्या अधिकारात मागा. आणि नव्या ठिकाणी अर्ज देताना एक झेरॉक्स सोबत न्या, तिच्यावर आवक शिक्का मारून घ्या. तुम्ही सांगितलं होतं, याचा पुरावा तुमच्याच फाईलमध्ये राहू द्या.