विश्लेषण : एसीएलएसची तयारी म्हणजे नुसती घोकंपट्टी?

‘एसीएलएस प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य’ ही ओळ रुग्णालयांच्या नोकरीच्या जाहिरातींत आता सर्रास दिसते. अॅडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णावर डॉक्टर-परिचारिकांनी मिळून करायच्या प्रगत उपचारांचे प्रशिक्षण. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या या प्रमाणपत्राची मुदत २ वर्षे. मात्र ईसीजी वर्गात गेल्यावर शिकू, असे समजून जाणाऱ्यांची फसगत होते.

आधी काय यायला हवे?

वर्गाआधीच्या ऑनलाइन स्वयंचाचणीत ७० टक्के गुण लागतात, शेवटच्या लेखी परीक्षेत ८४. त्यामुळे औषधांच्या मात्रा घोकल्या जातात. एपिनेफ्रिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. अमिओडेरोन आधी ३००, मग १५०. हे पाठ हवेच. पण त्याआधीचा प्रश्न असतो, शॉक द्यायचा की नाही? व्हीएफ आणि नाडी नसलेल्या व्हीटीला द्यायचा. असिस्टोल आणि पीईएला नाही. सिनेमात सरळ रेषेवर शॉक दिला की नायक उठून बसतो. प्रत्यक्षात त्यात फक्त वेळ जातो. पीईए तर आणखी फसवा. मॉनिटरवर लय नीटनेटकी दिसते, हाताला नाडी लागत नाही. तिथे छातीवर दाब देणे सुरू ठेवून मूळ कारण शोधावे लागते : रक्तस्राव, ऑक्सिजनची कमतरता, वाढलेले पोटॅशियम.

अडते कुठे?

मेगाकोडमध्ये. पुतळ्यावरच्या या प्रात्यक्षिकात उमेदवाराला चमूचे नेतृत्व करावे लागते. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेंटिमीटर, दर २ मिनिटांनी दाब देणारा बदलायचा, थांबायचे ते १० सेकंदांच्या आत. सूचना नाव घेऊन द्यायची, ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. दाब उथळ पडतोय हे सिस्टरना दिसते, पण ज्येष्ठ डॉक्टरांना ते सांगायचे कसे? या प्रशिक्षणात ते सांगणे हा कामाचाच भाग मानला जातो. ‘सर, दाब कमी पडतोय’ हे वाक्यही म्हणूनच सरावात हवे, आणि ऐकून घेण्याचा सराव सरांनाही.

शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच पुसट होऊ लागते. प्रमाणपत्र मागणाऱ्या रुग्णालयांनी प्रशिक्षणाचे शुल्क आणि भरपगारी रजा तर द्यावीच, शिवाय वॉर्डात एक पुतळा ठेवून दर महिन्याला पंधरा मिनिटे सराव घ्यावा.