समलिंगी सहजीवन आणि आपले मत

दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी जोडीदार म्हणून एकत्र राहणे हा आपल्या देशात आता गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा तो फास सोडविला. परंतु गुन्हा नसणे निराळे आणि हक्क असणे निराळे. अशा जोडीतील एकजण मृत्युपत्र न करता वारला, तर दुसऱ्याला वारस म्हणून स्थान नाही. वीस वर्षे संसार केला तरी वारसा कायद्याच्या लेखी तो परकाच!

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला व हे काम कायदेमंडळाचे आहे, असे सांगितले. कायदेमंडळ निवडतो कोण? आपणच.

पण येथे सुरतकरांनी जरा विचार करावा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरतेत काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, इतरांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला खासदार बिनविरोध निवडून आले. एकच उमेदवार उरला की मतदान होत नाही. मग ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे म्हणण्याचीही सोय उरत नाही. ७ मे रोजी नवसारी मतदारसंघात मोडणाऱ्या उधना-लिंबायतमध्ये मतदान झाले. वराछा-कतारगामचा मतदार मात्र घरीच राहिला. त्याच निवडणुकीत समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणण्याचे वचन काँग्रेसच्या जाहीरनाम्यात होते. ते पटो वा न पटो, तसे सांगण्याची संधीच सुरतच्या मतदाराला मिळाली नाही.

कोणी म्हणेल, मूठभरांचे हक्क बहुमताच्या तागडीत तोलावेतच कशाला? आक्षेप रास्त आहे. कॅलिफोर्नियात २००८ साली मतदारांनीच हा हक्क काढून घेतला होता. पण आयर्लंडमध्ये २०१५ साली सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो दिला. हे ६२ टक्के काही समलिंगी नव्हते. ज्यांचा स्वतःचा काही लाभ नव्हता, अशांच्या मतांनीच तो कौल लागला. अल्पसंख्यांना न्यायालयाचा आधार हवाच. परंतु न्यायालयानेच बोट दाखविल्यावर कायदेमंडळाची वाट टाळून कसे चालेल?

ही वाट वाटते तितकी दुर्गम नाही. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी कलम ३७७ बदलण्याचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडू पाहिले. विरोधात ७१ मते पडली, बाजूने २४. विरोधातील केवळ २४ सदस्य फिरले असते, तर निकाल उलटला असता. पाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात बहुतेकांनी मतच दिले नाही, कारण मतदारसंघात त्यांना याचा जाब विचारणारे कोणी नव्हते. २०२२ साली सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहाला मान्यता देणारे विधेयक मांडले. त्याबद्दल आपल्यापैकी किती जणांनी आपल्या खासदाराला पत्र लिहिले?

अठराव्या वर्षी आपल्याला मत मिळते. मतदारयादीत नाव घालावे, उमेदवार दारी आला की रस्ते-पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारावा आणि उत्तर ध्यानात ठेवावे. आपल्या वर्गातही असा एखादा मित्र, एखादी मैत्रीण असेल, जी हे उघडपणे विचारू शकत नाही. तिच्या वतीने आपण विचारले, तर बिघडले कुठे?