'मेसेज पाठवला होता की!'

पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्या घरचं कुणी कारखान्यावर गेलंय त्यांनी तरी पूर्ण वाचा.

कुठल्याही ऑफिसात जा, एक वाक्य ठरलेलं असतं. "तुम्हाला मेसेज पाठवला होता की!" संपला विषय. पाठवला, पण पोचला का? हे विचारलं की साहेब आपल्याकडं असं बघतात, जणू आपण त्यांची सातबाऱ्याची नक्कल मागितली.

माझं काम संगणकाचं, म्हणून थोडं आतलं सांगतो. ई-मेलचा पत्ता चुकला तर बहुतेक वेळा लगेच एक परतीचा मेल येतो. त्यात कारणाचा आकडा असतो. ५५० म्हणजे सहसा असा पत्ताच नाही. ५५२ म्हणजे पेटी भरली. आकडा ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, सर्व्हर थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, चार-पाच दिवससुद्धा. ५ ने सुरू झाला तर विषय कायमचा बंद. हे नियम १९८२ पासूनचे आहेत. निरोप हातात घेतलास ना, मग एकतर पोचव नाहीतर पाठवणाऱ्याला सांग, एवढा साधा हिशोब. आणि त्या परतीच्या मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात, कारण तोही परत आला तर दोन सर्व्हर एकमेकांकडं चेंडू टोलवत बसतील. (आपल्याकडं तहसील आणि बँक हे काम सर्व्हरशिवायच करतात.)

पोस्टाचंही तेच. माणूस गाव सोडून गेला, पत्ता अपुरा आहे, घ्यायला नकार दिला, असा शेरा मारून पोस्टमन पाकीट परत करतो. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर ते पाकीट पोस्टाच्या एका खास कार्यालयात जातं, तिथं ते उघडून पत्ता शोधायचा अधिकार असतो.

आता मोबाईलचा मेसेज. फोन बंद असेल तर कंपनीचं मेसेज सेंटर तो ठरावीक वेळ धरून ठेवतं. तेवढ्यात फोन चालू झाला तर ठीक, नाहीतर 'मुदत संपली' अशी नोंद होते. ही नोंद पाठवणाऱ्या यंत्रणेला मागता येते, नंबरवार. म्हणजे कोणाला निरोप मिळाला नाही याची यादी काढता येते. ती काढून बघायची जबाबदारी मात्र कोणाच्याच टेबलावर नाही. बातमीत आकडा येतो तो 'इतक्या लाख शेतकऱ्यांना संदेश पाठवले' असाच.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त का बोचतं? दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केज इकडची गावं निम्मी रिकामी होतात. कोयता सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत माणूस कोपीवर. तिथं चार्जिंगची बोंब. रिचार्ज संपला की काही दिवसांत इनकमिंगही बंद. माणूस तिथंच नवीन कार्ड घेतो, जुना नंबर मरतो. आणि बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. मग तर अजून अवघड! कारण तेव्हा मेसेज परतही येत नाही. 'पोचला' अशी नोंद होते, आणि वाचतो कोणीतरी तिसराच.

लाडकी बहीणची ई-केवायसी आठवा. सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, मुदत वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर, आधी बाईचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. हे नेमके उसाचे दिवस. काही बायकांच्या आधारला मुकादमाचा नंबर आहे, काहींच्या भावाचा. ओटीपी त्या फोनवर, बाई फडात.

उलट बाजूनं बघा. एका कार्यालयाला मी पावसाच्या नुकसानीबद्दल फोटोसकट अर्ज मेल केला. परत आला, पेटी भरलेली. नाव घेत नाही. पण तक्रारीचा पत्ता म्हणून तोच मेल बोर्डावर लिहिलेला आहे. आपल्याला नोटीस मिळाली नाही तर चूक आपली, त्यांना अर्ज मिळाला नाही तरीही चूक आपलीच. हे कसं?

मला मोठं ॲप-बिप नको. मेसेज पाठवणाऱ्या खात्यानं न पोचलेल्यांची यादी दर आठवड्याला ग्रामपंचायतीला द्यावी. फक्त नावं, रक्कम वगैरे काही नको. कोतवाल आणि आशाताईंना माहीत असतं कोण कोणत्या कारखान्यावर आहे. अर्जात दुसऱ्या नंबरचा रकाना असावा, गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा. मुकादमाचा नको, उचलीच्या हिशोबात आधीच माणूस त्याच्या हातात असतो, ओटीपी कशाला द्यायचा? आणि निरोप पोचल्याची नोंद नसेल तर 'प्रतिसाद दिला नाही' म्हणून नाव कापू नये. ही शेवटची मागणी मी कुठंही सोडणार नाही.

तोवर एक काम करा. रात्री कारखान्यावर फोन लावाल तेव्हा विचारा, आधारला कोणता नंबर आहे? 'माय आधार'च्या वेबसाईटवर नंबर टाकून तो जोडलेला आहे का ते बघता येतं. नसेल तर पट्टा पडून गावी आल्या आल्या आधार केंद्रावर बदलून घ्या, बोटाचा ठसा लागतो म्हणून त्या माणसालाच जावं लागेल.